लडाख : हिवाळ्याआधी जळणाची बेगमी

सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. तिथे घरात पुरेसे जळण असणे हा जगण्यामरणाचा प्रश्न आहे.

• केव्हा? : उन्हाळ्यापासून. जोरदार बर्फवृष्टीत झोजिला खिंडीतला रस्ता बंद पडतो. त्याआधी साठा व्हावा लागतो.

• काय? : याक, झो (याक आणि गाईचा संकर) आणि गाईंच्या शेणाच्या गोवऱ्या, विलो-पॉप्लरच्या फांद्या, रॉकेल, गॅस सिलिंडर.

• कुठे? : पाऊस अगदी कमी, त्यामुळे जळण घराच्या सपाट छतावर कडेने रचतात.

• कशात? : ‘बुखारी’ या लोखंडी शेगडीत. तिचा धूर उभ्या नळीतून छताबाहेर जातो.

• वाहनांसाठी : कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल घट्ट होते. म्हणून २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल लडाखमध्ये आणले.

• सावधान! : अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. हिवाळी सहलीला जाणाऱ्यांनी बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये.