गिलाव्याआधीची भिंत

घर बांधायला काढलं की आपण फरशीसाठी दहा दुकानं हिंडतो. रंगाच्या पट्ट्या घरी आणून उजेडात धरून बघतो. भिंत मात्र कुणी बघत नाही. ती गवंड्याची बाब, असं म्हणून आपण मोकळे होतो. एकदा गिलावा झाला की मग बघायचं म्हटलं तरी काही दिसत नाही, कारण गिलाव्याखाली चांगली आणि वाईट भिंत सारखीच दिसते. म्हणून भिंतीची पारख गिलाव्याआधी करायची असते आणि तिची तयारी पहिली वीट ठेवण्याच्याही आधी.

कवी माणसाला बांधकामातलं काय कळतं, असं कुणी म्हणेल. माझे मामू गवंडी होते. शाळेच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली विटा भिजवायचं काम माझ्याकडे असे. यती-मात्रा मी पुढे बीए करताना शिकलो. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हे त्याआधीच शिकून झालं होतं.

भिंतीकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, हे आपल्या मराठवाड्याने पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. चार वाजायच्या सुमाराला किल्लारी परिसरात धरणीकंप झाला आणि सरकारी आकड्यानुसारही सात हजारांहून अधिक माणसं गेली. तिथल्या भिंती काही बारीक नव्हत्या. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती होत्या. पण बाहेरचं तोंड वेगळं रचलेलं, आतलं वेगळं आणि मधे माती नि चिपा भरलेल्या. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादरा बसताच भिंतीला पोट सुटलं, दोन्ही तोंडं दोन बाजूंना कलंडली आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

जाडी म्हणजे मजबुती नव्हे, हा तिथला धडा. अशा दगडी भिंतींसाठी भारतीय मानकाचा नियम साधा आहे : उभ्यात दर दोन फुटांवर आणि आडव्यात चार फुटांच्या आत एक आरपार दगड हवा. शिवाय जोत्याच्या, खिडक्या-दारांच्या माथ्याच्या आणि छताच्या पातळीला सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारा सळई-काँक्रीटचा पट्टा हवा. एका खोलीच्या हिशेबात या खर्चाचं ओझं फार होत नाही. पण तो आधी ठरवावा लागतो. भिंत उभी राहिल्यावर आठवून उपयोग नाही.

आता विटेकडे येऊ. चांगली वीट ओळखायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवा, आवाज खणखणीत यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. छातीच्या उंचीवरून मातीच्या जमिनीवर टाकली तर तुटू नये. कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा वजन करा. नेहमीच्या विटेचं वजन २० टक्क्यांहून जास्त वाढू नये. वाळूसाठी पारदर्शक बाटली पुरते. निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल, तर वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

मालाचं प्रमाण नऊ इंची भिंतीला साधारण एकास सहा आणि साडेचार इंचीला एकास चार ठेवतात. ते फावड्याच्या अंदाजाने नको, मापाच्या पेटीने हवं. पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपला पाहिजे. दुपारी घट्ट झालेला माल संध्याकाळी पाणी मारून पुन्हा उठवतात, तिथेच भिंत कच्ची राहते. वीटही आधी पोटभर पाणी प्यालेली हवी, नाहीतर ती मालातलं पाणी शोषून घेते. सांधा दहा मिलिमीटरच्या आसपास आणि पूर्ण भरलेला असावा. ओळंबा लावल्यावर तीन मीटर उंचीत सहा मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. एका दिवसात दीड मीटरपेक्षा उंच चढू नये, कारण खालचा माल अजून ओला असतो. पुढे निदान सात दिवस भिंतीवर पाणी हवं.

शहरांतून आता राखेच्या विटा आणि हलके ब्लॉक आले आहेत. हलका ब्लॉक विटेसारखा बुडवून ठेवायचा नसतो, नुसता वरून ओलसर करायचा असतो. पण ओळंबा, दोरी आणि सांधमोड यांना तिथेही सुट्टी नाही.

हे सगळं गवंड्याला ठाऊक नसतं का? बहुतेकांना असतं. अडतं ते नियोजनात. विटा वेळेवर नसल्या की गवंडी बसून राहतो आणि गाडी आली की राहिलेलं काम अंधार पडेस्तोवर उरकतो. काम ठोक बोलीवर असेल, तर घाई हीच त्याची मजुरी होते. दोष त्याच्या थापीला देऊन आपण मात्र नामानिराळे राहतो.

म्हणून आधी हिशेब मांडावा. प्रमाण मापाच्या विटा एका घनमीटर कामाला सुमारे ५०० लागतात. मोडतोड धरून एकाच भट्टीच्या घ्याव्यात. आपल्याकडे पंचाईत अशी, की भट्ट्या उन्हाळ्यात चालतात आणि तेव्हाच पाण्याची ओरड असते. पाऊस आला की पाणी येतं आणि भट्ट्या बंद होतात. जमत असेल तर मेअखेर विटा रचून, झाकून ठेवाव्यात आणि भिंतींचं काम पाऊस सरल्यावर काढावं. विजेच्या नळ्या आणि नळाचे पाइप कुठून जाणार, चौकटी कुठे बसणार, हे कागदावर आधीच असावं. साडेचार इंची भिंतीला नंतर आडवी झिरी पाडली, की निम्मी भिंत आपणच फोडलेली असते.

काम सुरू होताना मीटरभर लांब, मीटरभर उंच अशी नमुन्याची भिंत बांधून घ्यावी. मालक, गवंडी आणि इंजिनीअर यांनी ती एकत्र बघावी आणि काम संपेपर्यंत पाडू नये. वाद झाला की बोट दाखवायला जागा राहते. आणि भिंतीवर पाणी मारायचं काम कुणाचं, हे बोलीतच लिहावं; ते सगळ्यांचं असलं की कुणाचंच राहत नाही.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी मात्र अर्धा तास काढाच. ओळंबा घेऊन घरभर फिरा, सांधे बघा, पट्टा अखंड आहे का ते बघा, प्रत्येक भिंतीचा फोटो तारखेनिशी ठेवा. चुकलेल्या चार विटा त्या दिवशी काढून पुन्हा बसवता येतात.