मान दुखते, पण काय अडतंय?

"कसं वाटतंय?" असं विचारलं की बहुतेक पेशंट "आधीपेक्षा बरंय" म्हणतात. काही जण तर निव्वळ भिडेपोटी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि नुसत्या 'बरंय'वर पुढचे उपचार ठरवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मी पहिल्याच दिवशी 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स' ही प्रश्नावली भरून घेते. कॅनडातल्या हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मिऑर यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. वेदना, स्वतःचं आवरणं, ओझं उचलणं, वाचन, डोकेदुखी, एकाग्रता, काम, गाडी चालवणं, झोप, विरंगुळा असे १० प्रश्न. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज जितकी जास्त, तितकं मानेमुळे रोजचं जगणं अडलेलं.

शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. त्या गाडी चालवत नाहीत, म्हणून तो प्रश्न गाळला. ४५ पैकी २१ गुण आले. काही आठवड्यांनी त्या खुशीत होत्या. दुखणं १० पैकी ७ वरून ४ वर आलं होतं. प्रश्नावलीत मात्र १९! दोन गुणांचा फरक धरायचा नसतो, तेवढं वरखाली होतच असतं. मी एकेक उत्तर ताडून पाहिलं. वेदना आणि डोकेदुखी उतरली होती. काम आणि झोप जिथल्या तिथे.

"मशीनवर किती वेळ बसवतं?"

"एक ब्लाऊज होईस्तो मान धरते बघा."

मग शेक बंद केला; त्याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मानेच्या आणि खांद्यांच्या ताकदीचे व्यायाम वाढवले. मशीनच्या टेबलाखाली ठोकळे लावून घेतले, उशी बदलली. शिवाय त्यांचं सगळ्यात अडलेलं काम त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं: 'बाह्या जोडणं'. अजिबात जमत नसेल तर ०, पूर्वीसारखं जमलं तर १०. ते ३ वरून ८ वर गेलं, प्रश्नावली १० वर आली, आणि मी त्यांना घरच्या व्यायामावर सोडलं.

हातापायांतली ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर फॉर्म भरत बसू नका. तातडीने डॉक्टरांकडे जा. एरवी उपचार सुरू करताना अशी प्रश्नावली मागून घ्या, खरी भरा आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरायचा आग्रह धरा. गुण हलत नसतील, तर उपचार का बदलत नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.