जळगाव ते रामवाडी, आणि परत

जळगावला महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली की मनमाड, नगर, दौंड करत गाडी पुण्याला येते. तिथून नगर रस्त्याने रामवाडी. आता मेट्रोही तिथवर जाते. कॅथलिक धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी याच भागात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे कॅथलिक चर्चच्या नाशिक धर्मप्रांतात येतात. पुण्यातून तो वेगळा झाला 1987 साली. थॉमस भालेराव हे पहिले बिशप. इकडच्या मुलाला फादर व्हायचं तर घर सोडून कुणी पुणं गाठतो, कुणी नागपूरचं सेंट चार्ल्स. नागपूरकर ज्या भागाला सेमिनरी हिल्स म्हणतात, ते नाव त्याच्यावरूनच पडलं.

पेपल सेमिनरी मूळची पुण्याची नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी ती 1893 साली सिलोनमध्ये, कँडीला काढली. भारताला धर्मगुरू भारतातूनच मिळावेत हा हेतू, आणि शाळा मात्र समुद्रापलीकडे! पुढे सिलोन स्वतंत्र देश झाला आणि 1955 साली सेमिनरी पुण्याला आली.

तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं, हा चर्चचा कायदा. आधीची तयारी आणि मधला धर्मग्रामातला अनुभव धरला तर वर्षं आणखी वाढतात. तोवर हा मुलगा सगळ्यांचा ‘ब्रदर’. वयाची पंचविशी आणि डीकनपदाचे, म्हणजे गुरुपदाआधीच्या पायरीचे, निदान सहा महिने झाल्यावर गुरुदीक्षा. आजन्म अविवाहित राहण्याचं वचन डीकन होतानाच द्यायचं असतं; घरच्यांचा जीव खरा तेव्हाच खालीवर होत असणार.

दीक्षेच्या दिवशी उमेदवार वेदीसमोर फरशीवर पालथा पडतो. संतांची नावं एकामागून एक घेतली जातात, लोक प्रतिसाद देत राहतात. मग तो गुडघे टेकतो आणि बिशप त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. तेव्हा कुणी चकार शब्द काढत नाही. नंतर तळहातांना तेल लावतात. ते तेल पुसलेलं फडकं आईला जपून ठेवायला द्यायची रीत आहे.

पुण्यात हे सारं शिकायचं इंग्रजीतून. मुलाला मातृभाषा नीट यावी आणि लॅटिनही यावी, असं चर्चचा कायदाच सांगतो. पण खानदेशातली मातृभाषा म्हणजे कुठली? अहिराणी, मावची की पावरी? ‘देहधारण’, म्हणजे देवाने माणूस होणं, हा शब्द मराठी पुस्तकात शोभून दिसतो. नवापूरचा बाजार उरकून मिस्साला आलेल्या बाईपुढे तो फोडूनच सांगावा लागतो.

ही अडचण जुनीच. 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ती ओळखली आणि थेट ओवीला हात घातला. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापलं गेलं. तिथली सेमिनरी अजून चालू आहे. प्रॉटेस्टंटांकडे नगरच्या सेमिनरीत रेव्हरंड टिळक शिकवत, म्हणजे मराठी वर्गातच हजर होती. प्रॉटेस्टंटांचीच युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली यवतमाळहून पुण्याला गेली, तेव्हा तिथे शिकू पाहणाऱ्या विदर्भ-खानदेशच्या पाळकांनाही पुण्याची वाट धरावी लागली.

पुण्याला काही म्हणणं नाही. मात्र शेवटच्या वर्षी आठवड्याचा एक तास अहिराणी-मावचीला द्यावा, आणि शिकवायला पदवीधराऐवजी नवापूरकडची एखादी आजी बोलवावी.