रेणू तुटतो त्या क्षणी…

फिजिकल केमिस्ट्रीच्या पुस्तकातला तो आलेख आठवतोय? डावीकडे अभिक्रियाकारकं, उजवीकडे उत्पादितं, मध्ये एक टेकडी. आणि टेकडीच्या माथ्यावर चौकटी कंसात काढलेला, ना धड इकडचा ना धड तिकडचा रेणू. ट्रान्झिशन स्टेट! पाच मार्कांना येतो म्हणून आपण तो घोटून ठेवतो. पण माथ्यावरचा हा रेणू कुणी खरंच पाहिलाय का?

अऱ्हेनियसने तापमान आणि अभिक्रियेचा वेग यांचं समीकरण मांडलं १८८९ मध्ये. माथ्यावरच्या अवस्थेचा सिद्धांत आला १९३५ मध्ये. पुढची पन्नास वर्षं ही अवस्था जवळपास कागदावरच राहिली. कारण तिचा सगळा कारभार फेम्टोसेकंदांत चालतो. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. सेकंदापुढे तो जेवढा लहान, तेवढाच एक सेकंद सुमारे ३ कोटी २० लाख वर्षांपुढे लहान.

इजिप्तमध्ये जन्मलेले आणि अलेक्झांड्रियात शिकलेले अहमद झेवैल १९७६ मध्ये अमेरिकेत कॅलटेकला रुजू झाले आणि पुढे या क्षणाच्या मागे लागले. लेझरचा एक स्पंद रेणूला धक्का देतो, तिथून वेळ सुरू. दुसरा स्पंद जरा उशिराने येऊन रेणू कुठवर पोचला ते टिपतो. आता हा ‘जरा उशीर’ मोजायचा कशाने? इतकं चपळ स्टॉपवॉच आणायचं कुठून? इथली युक्ती भन्नाट आहे. दुसऱ्या स्पंदाला लांबच्या वाटेने पाठवायचं! प्रकाश एका फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो. आरसा एक मायक्रोमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन दोन मायक्रोमीटरचा वळसा पडतो, म्हणजे जवळजवळ पावणेसात फेम्टोसेकंदांचा उशीर. आरसा सरकवत राहायचं, दर वेळी पुन्हा मोजायचं आणि मिळालेल्या नोंदी ओळीने लावायच्या. झाली फिल्म तयार.

१९८७ मध्ये त्यांच्या गटाने आयोडीन सायनाइडमधला आयोडीन आणि कार्बन यांचा बंध तुटताना टिपला. वेळ लागला सुमारे २०० फेम्टोसेकंद.

त्याहून मजेदार निघालं सोडियम आयोडाइड. हा बंध आयनिक, असं आपण डोळे झाकून लिहितो. वायुरूपातल्या या रेणूला लेझरचा धक्का दिला की तो कोव्हॅलंट होतो आणि अणू लांब जाऊ लागतात. दोघांमधलं अंतर ६.९ अँगस्ट्रॉमच्या पलीकडे गेलं की बहुतेक रेणू पुन्हा आयनिक होतात आणि विरुद्ध भार एकमेकांना मागे खेचतात. अशी एक ये-जा साधारण १२५० फेम्टोसेकंदांची. दर खेपेला थोडे रेणू मात्र निसटतात आणि कायमचे फुटतात. म्हणजे ‘आयनिक की कोव्हॅलंट?’ याचं इथलं उत्तर आहे : कुठल्या क्षणी विचारताय? अभ्यासक्रमात हे एक पान तरी असायला हवं होतं, नाही का?

१९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल झेवैल यांना एकट्याला मिळालं.

हीच पद्धत पुढे सजीवांमधल्या रेणूंकडेही वळली. मंद उजेडात पाहायला आपल्या डोळ्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं. त्यातला रेटिनलचा वाकडा रेणू प्रकाश पडताच सरळ होतो. ही घडामोड १९९१ मध्ये मोजली गेली, तर तीही निघाली सुमारे २०० फेम्टोसेकंदांची. तिथून पुढे मेंदूकडे जाणारा निरोप मात्र मिलिसेकंदांच्या रमतगमत चालीने जातो.