'टी' या शब्दाचे सोबती

व्याकरणाचे नियम पाठ आहेत, दोन-तीन हजार शब्दही अवगत आहेत, आणि तरीही इंग्रजी शिकणाऱ्याचे वाक्य कानाला परके वाटते, हा अनुभव भारतातील शिक्षकांना नवा नाही. 'पॉवरफुल टी' ही शब्दजोडी घ्या. विशेषण नामाच्या आधी आले आहे, आणि समानार्थी शब्दांच्या यादीत 'स्ट्राँग' व 'पॉवरफुल' शेजारी शेजारी असतात. तरीही इंग्रज मनुष्य चहाला 'स्ट्राँग' म्हणतो, 'पॉवरफुल' म्हणत नाही. उलट मोटार त्याच्या दृष्टीने 'पॉवरफुल' असते. भाषाशास्त्रज्ञ एम. ए. के. हॅलिडे यांनी १९६६ साली हेच उदाहरण चर्चेस घेतले होते.

शब्दांच्या अशा नित्य संगतीला शब्दसाहचर्य म्हणतात. जपानमध्ये इंग्रजीच्या अध्यापनाचे कार्य करणाऱ्या हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली अशा जोड्यांचा एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. पुढे जे. आर. फर्थ यांनी १९५१ च्या एका निबंधात साहचर्य हा शब्दाच्या अर्थाचाच एक घटक मानला. हे फर्थ १९२८ पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. एक शब्द, एक अर्थ अशी घोकंपट्टी करणाऱ्याला या घटकाचा पत्ताच लागत नाही.

साहचर्यात तर्क शोधण्यात फारसा अर्थ नसतो, हे स्वभाषेकडे पाहिले म्हणजे पटते. मराठीत चहा कडक, ऊन कडक, शिस्त कडक आणि पावही कडक. इंग्रजीत या चौघांना एकच विशेषण चालत नाही: चहा 'स्ट्राँग', ऊन 'हॉट', शिस्त 'स्ट्रिक्ट', आणि 'हार्ड' एवढा शब्द पावाच्या वाट्याला येतो. कडकच्या उलट जो फिका चहा, तो इंग्रजीत 'वीक'. 'वीक' म्हणजे दुर्बल असे पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हा शब्द चहासाठी सुचत नाही. तो 'लाइट टी' म्हणतो.

क्रियापदांची तऱ्हा आणखी निराळी आहे. बंगालीत चहा 'खातात'. परंतु बंगाली विद्यार्थी इंग्रजीत 'ईट टी' असे क्वचितच लिहील, कारण एवढी ढळढळीत चूक शाळेतच दुरुस्त होते. टिकून राहतात त्या लहान चुका, ज्यांनी अर्थ बिघडत नाही आणि म्हणून ज्यांना कोणी हटकत नाही. मराठीत चहा 'घेतात', म्हणून मराठी भाषक 'टेक टी' म्हणतो. हा प्रयोग अशुद्ध नव्हे. मात्र इंग्लंडमध्ये तो आज जुन्या, औपचारिक वळणाचा वाटतो. रोजच्या बोलण्यात तेथे 'हॅव टी' हेच रूढ आहे. चहा करण्याला मात्र 'मेक टी' म्हणतात.

मराठीतील 'चहाचा कप' रिकामाही असू शकतो आणि भरलेलाही. इंग्रजीत हे दोन अर्थ वेगळे केले आहेत: 'टीकप' हे भांडे, 'कप ऑफ टी' हे पेय. 'टीकप' मागणाऱ्याच्या हाती रिकामे भांडे पडले, तर दोष देणाऱ्याचा नव्हे. 'ब्लॅक टी' म्हणजे कोरा चहा, हाही अर्धाच अर्थ. मुळात ते चहापत्तीच्या एका प्रकाराचे नाव आहे (चिनी भाषेत त्याच पत्तीला लाल चहा म्हणतात), आणि पुड्यावर 'ब्लॅक टी' छापलेले असले तरी त्यात दूध घालण्यास कोणतीही आडकाठी नाही.

'हाय टी'ची कथा तर उलटीच झाली आहे. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हे कामावरून परतलेल्या श्रमिकांचे संध्याकाळचे जेवण होते. त्यात चहाबरोबर मांस किंवा मासे आणि पाव असे. श्रीमंतांचा नाजूक चहा दुपारी चारच्या सुमारास होई आणि त्याला 'आफ्टरनून टी' म्हणत. भारतातील निमंत्रणपत्रिकांवर 'हाय टी' येतो तो मात्र भरपूर फराळासह होणाऱ्या प्रतिष्ठित चहापानाच्या अर्थाने. 'हाय' म्हणजे उच्च, हे समीकरण येथे आड आले असावे.

पण भारतीयांनी जोडलेली प्रत्येक नवी संगत चूक ठरवून तिच्यावर लाल शाई चालवणेही न्याय्य नाही. 'टी गार्डन' म्हणजे इंग्लंडमध्ये बागेत बसून चहा पिण्याचे ठिकाण. आसाम आणि दार्जिलिंगमध्ये त्याच दोन शब्दांचा अर्थ चहाचा मळा असा रूढ झाला, आणि इंग्रजी कोशांनीही तो पहिल्याच्या जोडीने नोंदवून घेतला. 'लाइट टी'ला मात्र अजून तशी मान्यता मिळालेली नाही, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'वीक' लिहिणेच विद्यार्थ्याच्या हिताचे आहे.