दोन दवाखाने एक होतात, तेव्हा रुग्णांनी काय विचारायचं?

आज आपण इंग्लंडमधल्या एका अगदी स्थानिक प्रश्नाकडे बघणार आहोत. आपल्यापैकी काहीजण तिथे राहतात, काहींची मुलं-सुना तिथे आहेत. एक दिवस घरी पत्र येतं किंवा मोबाइलवर संदेश येतो: 'आपली सर्जरी शेजारच्या सर्जरीबरोबर एकत्र होत आहे. आपल्याला काहीही करावं लागणार नाही.' या शेवटच्या वाक्याबद्दल आज बोलायचं आहे. कागदोपत्री ते खरं आहे. पण काहीच केलं नाही, तर पुढे काय होतं?

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. तिथे 'सर्जरी' म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे. सर्जरी म्हणजे जीपीचा, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टरचा दवाखाना. 5 जुलै 1948 ला एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हापासून सरकारी सेवेचं पहिलं दार हेच. तपासणीचे पैसे द्यावे लागत नाहीत. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाकडे जायचं, तर चिठ्ठी बहुतेक वेळा इथूनच मिळते.

पण एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. हे दवाखाने सरकारी खात्याच्या मालकीचे नसतात. बहुतेक ठिकाणी दोन-चार डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात आणि एनएचएसबरोबर करार करतात. पैसे मिळतात ते मुख्यतः नोंदणी केलेल्या रुग्णांच्या संख्येवर; त्यात वय, आजारपण वगैरे बघून कमी-जास्त होतं. इमारत कधी भागीदारांच्या मालकीची, कधी भाड्याची. म्हणजे सेवा सार्वजनिक, पण चालवणारा स्वतंत्र ठेकेदार. अशी ही जोडरचना आहे. विलीनीकरणातले निम्मे गोंधळ या रचनेतूनच येतात.

विलीनीकरण का होतं?

2013 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये असे 8,000 च्या आसपास दवाखाने होते. आता ते सव्वासहा हजारांच्या आसपास आहेत. लोकसंख्या तर वाढली. त्यामुळे एका दवाखान्यामागे पूर्वी सरासरी सात हजार रुग्ण असायचे, ते आता दहा हजारांच्या घरात गेले.

कारणं काय? जुने भागीदार निवृत्त होतात आणि तरुण डॉक्टरांना भागीदारी नको असते, पगारी नोकरी बरी वाटते. त्यांचंही चुकत नाही. भागीदार म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार, इमारतीचं भाडं आणि कर्ज, सगळं अंगावर. बाकीचे निघून गेले, की शेवटी राहिलेल्या एकट्यावर तो सगळा बोजा येतो. अशा वेळी शेजारच्या मोठ्या दवाखान्यात सामील होणं हा वाचण्याचा मार्ग असतो. विलीनीकरण म्हणजे कारस्थान, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. ते झालं नाही, तर कित्येकदा लहान दवाखाना सरळ बंद पडतो आणि चार हजार रुग्णांना नवीन डॉक्टर शोधत फिरावं लागतं. त्यापेक्षा हे बरंच.

प्रत्यक्षात होतं असं: दोन करारांपैकी एक संपतो आणि दुसरा मोठा होतो, किंवा दोन्ही मिळून एक होतो. रुग्णांची यादी आपोआप नव्या दवाखान्याकडे जाते. म्हणून पत्रात 'काही करावं लागणार नाही' असं लिहितात. ज्याला नको असेल, तो भागातल्या दुसऱ्या दवाखान्यात नाव नोंदवू शकतो. हा हक्क कायम आहे. अर्थात, दुसरा दवाखाना जवळ असला तर!

रुग्ण सहभाग गट

आता रुग्णांचा आवाज कुठे येतो ते बघू. 1972 च्या सुमाराला काही डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यात रुग्णांचा एक गट बसवायला सुरुवात केली. वेल्समधल्या अ‍ॅबरडेअरचं आणि ऑक्सफर्डशरमधल्या बेरिन्सफील्डचं नाव यात पहिल्यांदा घेतलं जातं. कल्पना साधी होती: ज्यांच्यासाठी दवाखाना चालतो, त्यांना वर्षातून काही वेळा एकत्र बसवून विचारायचं. 1978 मध्ये अशा गटांची राष्ट्रीय संघटना झाली. एप्रिल 2015 पासून इंग्लंडमधल्या प्रत्येक दवाखान्याने असा गट ठेवावा, अशी अट करारातच आली. त्याला पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप किंवा थोडक्यात पीपीजी म्हणतात.

मात्र अट 'गट असावा' एवढीच आहे. त्याने किती वेळा भेटावं, त्याचं किती ऐकावं, हे दवाखान्यागणिक बदलतं. कुठे गट मॅनेजरबरोबर बसून टेलिफोनच्या रांगेचे आकडे तपासतो, तर कुठे चार निवृत्त मंडळी चहा पिऊन फ्लूच्या लशीचं पत्रक वाटतात. शेरी आर्न्स्टीन या अमेरिकन अभ्यासिकेने 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या पायऱ्यांवर सहभागाचा नुसता देखावा, मधे माहिती देणं आणि मत विचारणं, वर भागीदारी आणि खरा अधिकार. बहुतेक पीपीजी मधल्या पायऱ्यांवर असतात. विलीनीकरणात प्रश्न हाच येतो, की मधल्या पायरीवरून एखादी पायरी वर चढता येईल का.

कायदा काय म्हणतो?

विलीनीकरणाला मंजुरी देतं ते इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे त्या प्रदेशासाठी आरोग्यसेवा ठरवणारं आणि पैसे देणारं मंडळ. जुलै 2022 मध्ये अशी 42 मंडळं अस्तित्वात आली. सेवेत बदल करताना लोकांना सामील करून घेणं हे या मंडळांवर कायद्याने बंधनकारक आहे. पण कायद्याचे शब्द सैल आहेत. सल्ला घेऊन, माहिती देऊन किंवा इतर मार्गांनी सामील करा, असं तो म्हणतो. म्हणजे कधी नुसतं पत्र पाठवणंही 'सामील करणं' ठरू शकतं.

तरीही सल्ला घ्यायचाच ठरवला, तर तो कसा घ्यावा याबद्दल तिथल्या न्यायालयांनी चार कसोट्या मानल्या आहेत. 1985 मध्ये लंडनच्या ब्रेंट भागातल्या शाळांवरून झालेल्या गनिंग खटल्यातून त्या आल्या. पहिली, प्रस्ताव कच्चा असतानाच विचारा, ठरवून झाल्यावर नको. दुसरी, लोकांना विचार करून उत्तर देता येईल इतकी कारणं आणि माहिती द्या. तिसरी, पुरेसा वेळ द्या. चौथी, आलेली उत्तरं निर्णय घेताना मनापासून विचारात घ्या. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हॅरिंगेच्या खटल्यात या कसोट्यांना दुजोरा दिला. कौन्सिलने कोणते दुसरे पर्याय नाकारले, हे लोकांना सांगितलंच नव्हतं, यावर न्यायालयाने बोट ठेवलं.

हे गटाच्या सदस्यांनी पाठ करून ठेवावं. न्यायालयात जाण्यासाठी नव्हे; तेवढा पैसा आणि दम कुणाकडे असतो? बैठकीत शांतपणे विचारण्यासाठी: 'हे अजून ठरायचं आहे, की ठरलं आहे? दुसरे कोणते पर्याय बघितले?'

पाच प्रश्न

आता मुद्द्यावर येऊ. समजा, नऊ हजार रुग्णांचा एक आणि चार हजारांचा दुसरा, असे दोन दवाखाने एक होणार आहेत. रुग्णांच्या गटाने काय विचारावं?

पहिला प्रश्न इमारतीचा. दोन्ही जागा चालू राहणार का? 'सध्या चालू राहतील' या उत्तरावर थांबू नये. बरेचदा लहान जागा आधी 'शाखा' होते, मग तिच्या वेळा कमी होतात, मग ती बंद करण्याचा अर्ज जातो. शाखा बंद करायला पुन्हा मंडळाची मंजुरी लागते, म्हणून दोन वर्षांनंतरचा बेत आत्ताच विचारून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. सोबत हेही विचारावं, की लहान गावातून मोठ्या दवाखान्यापर्यंत बस जाते का आणि ती तपासणीच्या वेळेला पोचते का. डॉक्टर गाडीने येतात. ऐंशी वर्षांच्या बाई बसने येतात. हा फरक कुणीतरी टेबलावर ठेवला नाही, तर तो कागदावर येतच नाही.

दुसरा, औषधांचा. खेड्यात काही दवाखाने स्वतःच औषधं देतात. औषधाच्या दुकानापासून 1.6 किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या रुग्णांसाठी ती सोय असते. विलीनीकरणानंतर ती राहणार का, कुठल्या जागेतून मिळणार, हे आधी कळायला हवं.

तिसरा, नोंदींचा. तिथे दवाखान्यांत मुख्यतः दोन संगणक प्रणाली चालतात, ईमिस वेब आणि सिस्टमवन. दोन दवाखान्यांच्या वेगळ्या असतील, तर एकाच्या सगळ्या नोंदी दुसऱ्यात हलवाव्या लागतात. त्या काही दिवसांत नेहमीची कामं मंदावतात. म्हणून रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या आधी मागवून ठेवा, हे रुग्णांना वेळेत सांगायला हवं. पुढे कधी ऑनलाइन खातं पुन्हा जोडावं लागतं, कधी एखादी टीप जागेवर दिसत नाही. 'या रुग्णाला दुभाषा लागतो' किंवा 'कमी ऐकू येतं' अशी टीप हरवली, तर तिची किंमत त्या रुग्णाला मोजावी लागते.

चौथा, फोनचा. हसू नका! सकाळी आठ वाजता वेळ घेण्यासाठी जी झुंबड उडते, ती इंग्लंडमध्ये कुप्रसिद्ध आहे. दोन दवाखान्यांचे फोन एक झाले, की रांगही एक होते. नवीन क्रमांकावर किती माणसं उत्तर देणार, सरासरी किती वेळ थांबावं लागेल, पहिल्या तीन महिन्यांचे आकडे गटाला दाखवणार का? रिसेप्शनवरच्या ओळखीच्या बाई राहणार की जाणार, हेही इथेच विचारावं. आजी आज दुसऱ्यांदा आली, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्यांना संगणकाच्या आधी कळतं.

पाचवा आणि सगळ्यात मोठा: 'आमचा डॉक्टर' राहणार का? हा नुसता मायेचा प्रश्न नाही. नॉर्वेमध्ये सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच फॅमिली डॉक्टरकडे एक वर्ष असलेल्यांच्या तुलनेत 15 वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे 25 टक्क्यांनी कमी दिसली. रुग्णालयात अचानक भरती होण्याचं प्रमाणही कमी दिसलं. अर्थात हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे. फक्त डॉक्टर तोच राहिल्यामुळे हे झालं, असं सिद्ध होत नाही. पण 2018 मध्ये एका ब्रिटिश गटाने असे 22 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा त्यातल्या 18 अभ्यासांत हीच दिशा दिसली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर जास्त असतात, म्हणून कुणीतरी लवकर भेटतो. पण तो दर वेळी वेगळा असतो. म्हणून गटाने मागावं, की दीर्घ आजाराच्या आणि वयस्कर रुग्णांसाठी ठरावीक डॉक्टर किंवा दोन-तीन जणांची छोटी टीम राहील. कागदावर प्रत्येक रुग्णाला एक नेमलेला डॉक्टर असतोच. तो प्रत्यक्षात किती वेळा भेटतो, हे मोजायला सांगावं.

गटात कोण बसतं?

इथे गटाने स्वतःकडेही बघायला हवं. बैठका दुपारी, इंग्रजीत, ईमेलवरून ठरतात. मग येतं कोण? वेळ असलेली, शिकलेली, बरी असलेली मंडळी. रात्रपाळीचा कामगार, लहान मूल असलेली आई, मुलाकडे राहायला गेलेली आणि इंग्रजी न बोलणारी मराठी किंवा गुजराती आजी त्यात नसते. ज्युलियन ट्यूडर हार्ट हे वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर. त्यांनी 1971 मध्ये 'व्यस्त सेवा नियम' मांडला: जिथे गरज जास्त, तिथे चांगली सेवा कमी. तोच नियम सहभागालाही लागू पडतो. विलीनीकरणाचा फटका ज्यांना जास्त बसणार, तेच बैठकीत नसतात. म्हणून गटाने दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात बसून बोलावं, देवळात, मशिदीत, गुरुद्वारात जावं, दुभाषा मागून घ्यावा. आपल्याकडेही 2007 पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. तिथे जनसुनवाईत गावातली बाई उभी राहून बोलू शकली, कारण जनसुनवाई तिच्या भागात आणि तिच्या भाषेत झाली.

आणि हो, दोन दवाखाने एक झाले, की दोन गटही एक होतात. मोठ्या गटात लहान जागेची माणसं हरवतात. दोन्ही जागांना काही वर्षं तरी ठरावीक प्रतिनिधी राहावेत, हे आधीच ठरवून घ्यावं.

शेवटी एवढंच सांगू. रुग्णांच्या गटाला विलीनीकरण थांबवण्याचा अधिकार नाही, आणि बहुतेक वेळा थांबवणं शहाणपणाचंही नसतं. पण बस, गोळ्या, नोंदी, फोन आणि डॉक्टर, या पाच गोष्टींबद्दल वेळेत विचारलं आणि उत्तर लिहून घेतलं, तर सहा महिन्यांनी तो कागद पुढे ठेवून 'यातलं काय झालं?' असं विचारता येतं. गट गप्प राहिला, तर तेही जमत नाही. आपलं किंवा आपल्या आई-वडिलांचं नाव अशा एखाद्या सर्जरीत असेल, तर पुढच्या वेळी गोळ्या आणायला गेलात की रिसेप्शनवर विचारून बघा, गटाची बैठक कधी असते. आता तुमचे प्रश्न घेऊ.