एस्प्रेसोचे निदान : दोष दळणाचा की दाबाचा?

घरी एस्प्रेसोचे यंत्र आले, परंतु पहिले दोन महिने पेल्यात पडत होती ती आंबट, पाणचट कॉफी. दोष यंत्राचा, असे ठरवून मी दुरुस्तीसाठी कारागीर बोलाविला. त्याने एकच प्रश्न केला, "डॉक्टरसाहेब, काल दळण कितीवर होतं?" मजजवळ उत्तर नव्हते. रुग्णाच्या आईकडे तापाचा तक्ता मागणाऱ्या बालरोगतज्ज्ञाने स्वतःची एकही नोंद ठेवली नव्हती! अनेक व्यवसायबंधूंच्या घरी आता अशी यंत्रे आली आहेत. म्हणून हा अनुभव येथे मांडतो.

मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांनी १९३८ मध्ये वाफेऐवजी दाबाखालील गरम पाण्याने कॉफी काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजच्या यंत्रात सुमारे ९ बार दाबाचे, ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी कॉफीच्या पुडीतून जाते. त्या पाण्याला अडविते ती केवळ पुडीची चकती. हा अडथळा मुख्यतः दळणाच्या बारीकपणावर व पुडीच्या वजनावर अवलंबून असतो. टॅम्परने दाबल्यामुळे पुडीतील हवा निघते व पृष्ठभाग सपाट होतो. एका मर्यादेनंतर पूड अधिक दबत नाही. जाड दळणावर मी सर्व शक्तीनिशी दाब देत होतो, तो उपचारच चुकीचा होता.

प्रारंभासाठी 'नॉर्मल' मूल्ये अशी धरावीत : १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. त्यासाठी लहान वजनकाटा अत्यावश्यक आहे. कॉफी १५ सेकंदांतच वाहून गेली, फिकट व आंबट लागली, तर दळण एक खूण बारीक करावे. थेंबथेंब गळून ४५ सेकंद लागले, चव कडू व जीभ कोरडी करणारी असली, तर एक खूण जाड करावे. ग्राइंडरमध्ये आधीची थोडी पूड अडकून राहते. म्हणून खूण बदलल्यावर पहिली काही ग्रॅम पूड टाकून द्यावी. अन्यथा जुन्या मात्रेचा परिणाम नव्या मात्रेच्या नावावर जमा होतो.

वेळ योग्य, पण चव एकाच वेळी आंबट आणि कडू. शिवाय कॉफीची धार एका बाजूने फवाऱ्यासारखी उडते, अशी तिसरी अवस्थाही आढळते. येथे पाण्याने चकतीत पळवाट शोधलेली असते; यालाच चॅनेलिंग म्हणतात. दोष बहुधा पूड पसरविण्यात वा दाबण्यात असतो. बारीक सुईने गुठळ्या मोडाव्यात, पूड समपातळीत आणावी, कोपर टॅम्परच्या सरळ वर ठेवून एकदाच, न तिरपता, दाबावे. दाबल्यानंतर पोर्टाफिल्टरच्या कडेला ठोकू नये. चकतीला तडा जातो.

पात्याच्या मिक्सरमध्ये कण लहानमोठे होतात. तेथे कोणतेही कौशल्य चालत नाही. बिया शिळ्या झाल्या की कॉफी वेगाने वाहते. आमच्या बेळगावच्या पावसाळ्यात तर मला दळणाची खूण वरचेवर तपासावी लागते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक सूचना आग्रहाने करतो. कॉफी फारच अडून राहिल्यास पोर्टाफिल्टर लगेच काढू नये. आत कोंडलेला दाब उकळती पूड अंगावर फेकतो. लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे.

कारागिराच्या त्या प्रश्नानंतर मी एक वही केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम लिहायचा, एवढाच नियम. चौथ्या दिवशी कॉफी जमली. तापलेल्या मुलाला एकाच दिवशी तीन औषधे बदलून दिली, तर गुण कशाने आला हे कळत नाही, असे मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. तो धडा स्वतःच्या स्वयंपाकघरात मला पन्नाशीनंतर गिरवावा लागला.